अपेक्षित उत्तर

लाल रेघ ओढून झाल्यावर मला अक्षर ओळखू आलं. आधी रेघ, मग अक्षर. हा क्रम नंतर मी मनात कितीदा तरी उलटा करून पाहिला, पण तो तसाच राहतो. पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर मी बसले होते. बाक लहान मुलांचा, त्यामुळे गुडघे वरच्या फळीला टेकलेले आणि फाईल मांडीवर तिरकी धरलेली. अकरा वर्षं मी अशीच बसते. शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी आमच्या कॉलेजात येणाऱ्या मुली आसपासच्या शाळांमध्ये जाऊन सरावाचे पाठ घेतात, आणि त्या कशा शिकवतात ते मागं बसून तपासायचं, हे माझं काम. पाठाच्या आधी त्यांनी टाचण लिहून आणायचं असतं. पानावर तीन रकाने असतात : शिक्षिका काय करील, विद्यार्थ्यांकडून कोणतं उत्तर अपेक्षित आहे, आणि फळ्यावर काय लिहायचं. त्या सकाळी विषय होता बाष्पीभवन. पाठ घेणाऱ्या, फळ्याजवळच्या मुलीनं ओल्या फडक्यानं फळा पुसला, तो वाळेपर्यंत थांबली आणि विचारलं, ‘फळा ओला होता, आता कोरडा झाला. मग पाणी कुठं गेलं?’ मी टाचणातल्या मधल्या रकान्याकडे पाहिलं. तिथं लिहिलं होतं : एखादी मुलगी म्हणेल, पाणी कुठं गेलं नाही, फळ्याला तहान लागली होती. मी त्याखाली रेघ ओढली, समासात ‘अशास्त्रीय’ असं लिहिलं, आणि पेनाचं टोपण लावता लावता माझा हात थांबला.

तिन्ही रकाने डावीकडे दाटीनं आखलेले होते, आणि पानाचा उजवा तिसरा भाग कोरा होता. ओळ तिथपर्यंत येत होती आणि कुणी अडवल्यासारखी वळून खाली जात होती. दवाखान्याच्या केसपेपरवर तो भाग डॉक्टरांचा असतो, तिथं नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं लिहायचं नसतं. एकतीस वर्षं केसपेपर लिहिल्यावर आईला कुठल्याही कागदावर तेवढी जागा सोडल्याशिवाय लिहिताच यायचं नाही. किराण्याची यादी असो, मला ठेवलेली चिठ्ठी असो, उजवीकडे कुणीतरी मोठा माणूस येऊन काहीतरी लिहिणार आहे अशी ती जागा मोकळी असायची. आईला जाऊन तेवीस दिवस झाले होते. त्या तेवीस दिवसांत मी तिची कपाटं उघडली होती, चष्म्याची जुनी घरं, बिलं, औषधांची कोरी पाकिटं, सगळं हाताखालून घातलं होतं, आणि तिच्या अक्षरातला एखादा कागद सापडावा असं मला वाटत होतं. सापडला नव्हता. आणि आता तो इथं, दुसऱ्या कुणाच्या तरी फाईलमध्ये, दुसऱ्या कुणाचा तरी पाठ होऊन माझ्या मांडीवर पडला होता, आणि मी त्यावर लाल शाईनं शेरा मारला होता. वर्गात मुलं एका सुरात ओरडली, ‘बाष्पीभवन!’ फळ्याजवळची मुलगी गोंधळली. ‘अजून कोणी? काही वेगळं?’ ‘बाष्पीभवन!’ मुलं आणखी जोरात ओरडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या चाळीस मुलांपैकी कुणीतरी तहान म्हणावं म्हणून ती थांबली होती, आणि कुणी म्हणत नव्हतं.

ते मी म्हटलं होतं. पाच वर्षांची असेन. शाळा लवकर सुटायची, घरी कुणी नसायचं, म्हणून आई मला दवाखान्यात घेऊन बसायची, टेबलाखाली, तिच्या पायांशी. तिथून मला फक्त पाय दिसायचे. खिडकीपलीकडच्या रांगेतले पाय, चपला, बँडेज बांधलेले पाय, आणि दुपारी दोननंतर, रांग संपली की, फरशी पुसणाऱ्या बाईचे ओले पाय. फरशी वाळताना मी बघत बसायचे. आईनं विचारलं होतं, ‘पाणी कुठं गेलं गं?’ आणि मी सांगितलं होतं की फरशीला तहान लागली होती. आई एवढी हसली की तिनं औषधं देणाऱ्या काकांना हाक मारून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. लाज वाटली होती. त्यानंतर बरेच दिवस मला काही विचारलं तरी मी ‘माहीत नाही’ असंच म्हणायचे, असं आईच नंतर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. टाचणात तहानेच्या ओळीसमोर, शिक्षिकेच्या रकान्यात, लिहिलं होतं : शिक्षिका हसणार नाही. मी पान उलटलं. गणिताचा पाठ. अर्धा म्हणजे किती? एखादी मुलगी म्हणेल, आई स्वतःला ठेवते त्यापेक्षा जास्त. मी आणखी एक पान उलटलं. नकाशावाचन. उत्तर दिशा कोणती? काही मुलं म्हणतील, बाबा कामाला जातात ती. कारखाना घराच्या उत्तरेला होता. मला ही उत्तरं दिल्याचं आठवत नव्हतं, आणि ती माझीच आहेत याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

तास संपल्यावर मी त्या मुलीला प्रयोगशाळेत नेलं. ही शाळा लहान, शिक्षकांची खोली कायम भरलेली, मोकळं असं तेवढंच. नळ ठिबकत होता. ती फाईल छातीशी धरून उभी राहिली आणि माझ्यापासून दोन पावलं मागं सरकली. कॉलेजात मुली मला ‘लाल पेन’ म्हणतात, मला माहीत आहे.

‘हे कुणी लिहिलं?’

‘मीच, मॅडम.’

‘परत विचारते.’

‘मॅडम, सगळ्याच घेतात. म्हणजे, सगळ्या नाही. पण घेतात.’

‘विकत?’

तिनं होकारार्थी मान हलवली. ‘कॉलेजासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे मिळतात. आपण आपल्या अक्षरात उतरवून काढायचं आणि मूळ परत द्यायचं. मी नेहमी उतरवते, मॅडम. या वेळी... ज्या बाई लिहायच्या त्या वारल्या म्हणे. काका म्हणाले, ही शेवटचीच वही आहे, जपून वापर. मग मला ती परत द्यावीशीच वाटेना. आणि सकाळी फाईल लावताना घाईत हीच लागली.’

‘वारल्या’ हा शब्द मी या तेवीस दिवसांत शंभर जणांकडून ऐकला होता, आणि दर वेळी माझा चेहरा त्याच्यासाठी तयार होता. या वेळी नव्हता. मी नळाकडे गेले आणि तो घट्ट बंद करायचा प्रयत्न केला. तो बंद होत नव्हता.

‘त्यांचे पाठ वर्गात चालतात, मॅडम,’ ती मागून म्हणाली. ‘बाकीच्यांचे नुसते तपासायला चालतात.’

‘आज तर चालला नाही.’

‘आज सगळी शिकवणीवाली पोरं निघाली,’ ती म्हणाली, आणि आपण असं कसं बोललो म्हणून तिनं तोंडावर हात धरला. मग खालच्या आवाजात, ‘अर्ज पाचपर्यंत द्यायचा असतो ना, मॅडम? तुम्हाला?’

हो. विकतचं किंवा दुसरीचं उतरवलेलं टाचण सापडलं तर निरीक्षकानं त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत प्राचार्यांकडे अर्ज द्यायचा. नाव कमी होतं. भरलेली फी बुडते. हा नियम मीच मांडला होता, चार वर्षांपूर्वी, आणि बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अर्जाचे छापील नमुने माझ्या पिशवीत कायम असतात. एक कप्पाच आहे त्यांचा. मी तिला तिचा फोन नंबर फाईलवर लिहायला सांगितला, फाईल घेतली आणि बाहेर पडले. बाहेर ऊन होतं, आणि मला रस्ता ओलांडायला बराच वेळ लागला.

माझी फी बाबांच्या कंपनीनं भरली होती. हे मी इतकी वर्षं धरून चालले होते. बाबा गेले तेव्हा मी सतरा वर्षांची, आणि पदवीनंतर शिक्षणशास्त्राला याच कॉलेजात नाव घातलं तेव्हा आई म्हणाली होती, ‘कंपनीचं काहीतरी येणं होतं, ते आलंय. तू अभ्यास कर.’ मी कंपनीला आभाराचं पत्र लिहिलं होतं. दोन पानी, माझ्या बाविसाव्या वर्षाला शोभेल असं, माणुसकी, ऋण वगैरे शब्द असलेलं. आई म्हणाली, ‘दे, मी जाता जाता पेटीत टाकते.’ त्या वर्षी मी टाचणं लिहायला बसले की ती शेजारी येऊन बसायची. ‘हा रकाना कशाला?’ ‘उत्तर अगोदरच कसं लिहायचं? पोरांनी दुसरंच काही सांगितलं तर?’ मी हसायचे. तिला समजावून सांगायचे, माणूस लहान मुलाला सांगतो तसं. हेतू, प्रस्तावना, मूल्यमापन. ती माझी पहिली विद्यार्थिनी होती असं मी पुढे एका भाषणात म्हटलं होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वर्षाच्या शेवटी सराव पाठांत मी दुसरी आले. पहिली जी आली तिच्या टाचणांना परीक्षकांनी ‘मुलांच्या मनात शिरलेली’ असा शेरा दिला होता. मी घरी येऊन रडले. आई म्हणाली, ‘जाऊ दे गं. तिला कुणीतरी चांगलं शिकवलं असेल.’

झेरॉक्सचं दुकान म्हणजे एक बोळ आहे, त्याला शटर लावलंय. गरम कागदाचा वास, मशीनची घरघर, काउंटरमागं काका हातात स्टेपलर घेऊन. ‘या, या मॅडम. किती प्रती?’ ते म्हणाले. मग मी फाईल उघडून काउंटरवर ठेवली. त्यांचा हात मशीनच्या बटणावर होता, तो तिथंच राहिला, आणि मशीन कुणाच्या तरी दाखल्याच्या प्रती काढत राहिलं, एकामागून एक, ट्रे भरून खाली पडायला लागल्या तरी.

‘मला काही माहीत नाही, मॅडम,’ ते म्हणाले. ‘लोक ठेवायला देतात, मी ठेवतो. परवा छत्रीपण ठेवून गेलंय एक जण.’

‘ही माझी आई आहे,’ मी वहीवर बोट ठेवून म्हटलं.

त्यांनी मशीन बंद केलं. मग खाली वाकून पडलेले कागद उचलले, सगळे, सावकाश, आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. ‘वहीवाल्या बाई तुमच्या आई?’ आणि थोड्या वेळानं, ‘तरीच.’

‘तरीच काय?’

‘तुमचा विषय निघाला ना, की म्हणायच्या, त्या मॅडमना फसवणं सोपं नाही, त्यामुळे पाठ खरोखर चांगलाच लिहावा लागतो. मला वाटायचं, भीतीनं म्हणतायत. बघितलं तर त्या खूश असायच्या.’

मला बसायला त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यांवर पुठ्ठा टाकला. मी बसले. ते बोलत होते ते मी ऐकत होते, आणि त्याच वेळी समोरच्या भिंतीवरच्या यादीत पाठपोट प्रतीचा वेगळा दर लिहिला होता तो पुन्हा पुन्हा वाचत होते. वीस वर्षांपूर्वी आई कॉलेजात फीचा दुसरा हप्ता पुढं ढकलून मागायला आली होती. त्यांनी नाही म्हटलं. कंपनीनं काहीही दिलेलं नव्हतं, उलट बाबांनी घेतलेली उचलच कापून घेतली होती. अर्जाची प्रत काढायला ती या दुकानात आली आणि काउंटरवर पडलेली कुणाची तरी टाचणाची वही चाळत उभी राहिली. ‘मला म्हणाल्या, हे पोरांना कळायचं नाही. मी गमतीनं म्हटलं, मग तुम्ही लिहा. तर म्हणाल्या, लिहीन, पण पैसे आधी लागतील. असं तोंडावर कुणी मागितलं नव्हतं मला. दिले. तुमच्याच फीपासून सुरुवात झाली म्हणा ना.’ दवाखान्यात रांग नसेल त्या दोन तासांत ती लिहायची. निवृत्त झाल्यावर वाचनालयात. मला वाटायचं, पेपर वाचायला जाते. घरी आली की मी विचारायचे, ‘काय म्हणतंय जग?’ आणि ती म्हणायची, ‘चाललंय.’

‘पण माझी नोकरी लागल्यावर कशाला?’ मी विचारलं. ‘मी कमवत होते.’

काकांनी स्टेपलर उघडला, बंद केला. ‘मध्ये थांबल्या होत्या काही वर्षं. मग म्हणाल्या, दुपार सरत नाही. आणि मग ते प्रकरण झालं. ती उंच मुलगी. तुम्ही काढलीत ती.’

ती मला आठवत होती, म्हणजे तिची उंची आठवत होती. चार वर्षांपूर्वी दोन मुलींची टाचणं शब्दाला शब्द सारखी निघाली. एकीनं लगेच सांगितलं, हिनं माझं उतरवलं. दुसरी, उंच, काहीच बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे कबुली असं मी धरलं. तिचं नाव कमी झालं. त्याच बैठकीत मी तो पाच वाजेपर्यंतचा नियम मांडला. त्या दिवशी घरी जेवताना मी आईला सगळं सांगितलं होतं, अगदी रंगवून, कारण मला बरं वाटत होतं. कुणीतरी ठाम राहायला हवं, असं काहीतरी म्हणाले होते. आईच्या उजव्या मनगटाला तेव्हा पट्टी होती, मोरीत पाय घसरला होता तिचा. डाव्या हातानं ती जेवत होती. तिनं विचारलं, ‘तिची फी परत देतात का?’ मी म्हटलं, ‘आई, प्रश्न फीचा नाहीये, तत्त्वाचा आहे.’ ती ‘हं’ म्हणाली, आणि मग पानातलं तसंच ठेवून उठली. मला वाटलं, हात दुखतोय.

‘चूक बाईंची होती,’ काका म्हणत होते. ‘मनगट सुजलेलं, लिहिवत नव्हतं, तर एकच पाठ दोघींना दिला. आयुष्यात एकदाच. त्यानंतर एक पाठ दुसऱ्यासारखा नाही. मधल्या त्या उत्तरांवर तासन् तास घालवायच्या. म्हणायच्या, प्रश्न सगळीकडे सारखेच असतात हो, उत्तरं तेवढी निराळी करता येतात. कुठून आणायच्या कुणास ठाऊक.’ मग ते काउंटरखाली वाकले आणि एक जाड पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. त्या उंच मुलीला आईनं शोधून काढलं होतं. दोन वर्षं ती तयारच होईना. मग तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजात नाव घातलं, पुन्हा पहिल्यापासून. पाठाचे येतील ते सगळे पैसे त्या फीला. ‘शेवटचा हप्ता आहे. आजारी पडायच्या आधीच बांधून ठेवला त्यांनी. आज शेवटची तारीख. मी दुपारी पोचवणारच होतो, पण दुकानाला माणूस नाही.’

‘तिला माहीत आहे?’

‘एक बाई भरतात एवढं माहीत आहे. बाई कोण, ते मलाच आज कळतंय.’

शेवटच्या आठवड्यात आई अंथरुणातून मला विचारायची, तुमचे सराव पाठ कधी संपतात. रोज. मी समजत होते की मी रजा कधी घेईन हे तिला हवं आहे. मी तिच्या कपाळावरून हात फिरवून सांगायचे, ‘संपतीलच गं, मग मी घरीच आहे.’ ती डोळे मिटायची. बसमध्ये मी ते पाकीट दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि माझ्या डोक्यात दुःख नव्हतं. ते कुठंतरी बाहेर उभं होतं, आत यायला जागा नव्हती. आत फक्त एक साधा, मूर्ख हिशेब चालला होता : म्हणजे गेली चार वर्षं, सोमवार ते शुक्रवार, मी मागच्या बाकावर बसून ज्या टाचणांना चांगले गुण देत होते, त्यांतली कितीतरी वेगवेगळ्या अक्षरांत उतरवलेली तिचीच असणार. मी त्यांवर लिहायचे, ‘उत्तम. मुलांचा विचार दिसतो.’ ते शेरे मुली दुकानात आणून दाखवत असतील का? तिनं ते वाचले असतील का? आणि तहानेची ओळ तिनं अगदी शेवटच्या वहीपर्यंत का ठेवली होती? तिच्याकडची उत्तरं संपत आली होती म्हणून? माणूस पाच-सहा वर्षांचा असताना एकूण बोलतो तरी किती.

त्या कॉलेजातली फीची खिडकी एका अरुंद हॉलच्या शेवटाला होती. काचेमागं एक कारकून बाई, बाहेर लाकडी बाक, भिंतीला टेकवलेली मोडकी खुर्ची. खिडकीशी एक उंच मुलगी वाकून बोलत होती, ‘एक दिवस द्या, उद्या नक्की,’ आणि आतून उत्तर येत होतं, ‘ताई, कॉम्प्युटर मला विचारून बंद होत नाही.’ तिनं मागं वळून पाहिलं. मी ओळखायच्या आधी तिनं मला ओळखलं. माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो असं मी पुस्तकांत पुष्कळदा वाचलं होतं, पाहिलं तेव्हाच. तिनं खांद्यावरची पिशवी काढली, आणि काउंटरच्या फळीवर एक वही ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. ‘हे मी स्वतः लिहिलंय, मॅडम. सगळं. बघा. खोडलेलं बघा ना, किती आहे.’ तिचा आवाज चढत होता. ‘इथं तुमचा काय संबंध? मी स्वतः लिहिलंय.’

‘ओ, इथं प्रदर्शन नका मांडू,’ कारकून बाई म्हणाली. ‘फी भरताय का?’

मी पाकीट काचेच्या फटीतून आत सरकवलं. हातानं काहीतरी करायला हवं होतं, तोंडानं जमत नव्हतं. मग म्हटलं, ‘तुझी फी ज्या बाई भरायच्या, त्या गेल्या. महिना होईल आता. मी त्यांची मुलगी.’

ती बाकावर बसली. वह्या तशाच फळीवर. बराच वेळ ती माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती, आणि सापडत गेलं तसतशी तिची भीती जाऊन तिथं जे आलं ते मला भीतीपेक्षा सोसवेना.

‘त्यांना ठाऊक होतं? तुम्हीच ते केलंत म्हणून?’

‘हो.’

‘मी दर पंधरा दिवसांनी भेटायचे त्यांना. वाचनालयात. माझे पाठ बघायच्या त्या.’ ती थांबली. ‘मी त्यांच्यासमोर तुम्हाला काय काय बोललेय, मॅडम. शिव्या घातल्यात. तुमच्या खानदानाचा उद्धार केलाय.’

‘त्या काय म्हणायच्या?’

‘काहीच नाही. चष्मा पुसायच्या. एकदा म्हणाल्या, बोल, मनात नको ठेवू.’ तिनं नाक ओढलं. ‘मला वाटायचं, किती ऐकून घेतात.’

आत नोटा मोजायचं यंत्र फरफरलं आणि थांबलं. ‘भरणाऱ्याचं नाव काय टाकू?’ बाईनं विचारलं. मी तोंड उघडलं, पण उंच मुलीनं माझ्या आधी आईचं नाव सांगितलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट, ज्या नावानं तिला दवाखान्यातसुद्धा कुणी हाक मारत नसे. पावती बाहेर आली. मुलीनं ती घेतली, घडी न घालता वहीत सरळ ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्या दिवशी तुम्ही मला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. मी वाट बघत होते. तयार होते मी, काय काय सांगायचं ते. तुम्ही दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सही केली.’

‘काय सांगणार होतीस?’

‘आता नाही आठवत,’ ती म्हणाली. हे खोटं असावं. पण ते ऐकायचा माझा हक्क संपलेला होता, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. ती उठली, वह्या पिशवीत भरल्या. जाताना, दारापाशी, मागं न वळता तिनं विचारलं, ‘अजून काढता मुलींना?’

‘आज एक आहे,’ मी म्हटलं.

तिनं दार ढकललं आणि गेली. कारकून बाईनं आतून खिडकीचा पडदा ओढला. मी बाकावर बसले. घड्याळात चार वाजून काही मिनिटं झाली होती. अर्जाचा नमुना मी बाहेर काढला, गुडघ्यावर पिशवी, तिच्यावर फाईल, तिच्यावर अर्ज. छात्राध्यापिकेचे नाव. गैरप्रकाराचा तपशील. निरीक्षकाचे मत. चार वर्षं मी हा कागद वापरत होते आणि त्यात त्या मुलीच्या उत्तराला जागाच नाही हे मला दिसलं नव्हतं. तो नमुना मीच तयार केला होता. अर्ज द्यायचा तर आईचं अक्षर त्याला जोडावं लागणार होतं, पुरावा म्हणून, लाल रेघेसकट. न द्यायचा तर आत्ता दारातून गेली तिच्यापुढं मी कोणत्या तोंडानं उभी राहणार होते? दोन्ही गोष्टी मी कितीदा तरी मनात फिरवल्या. मग फाईलवरचा नंबर पाहिला आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

‘मॅडम, दिला का अर्ज?’

‘नाही अजून.’ माझा आवाज मला परका वाटला. ‘सकाळी तुला एक विचारायचं राहिलं. तू पाठ विकत का घेतेस?’

पलीकडे भांडी वाजली, कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं ‘थांब गं’ म्हटलं. एक दार लागलं. मला मध्येच काहीतरी बोलावंसं वाटत होतं, धीर देणारं किंवा दटावणारं, सवयीचं, आणि मी ओठ मिटून बसले. ‘आधीपासून सांगू?’ तिनं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. ती सांगायला लागली, अडखळत, मागचं पुढं करत, मधेच ‘तुम्ही आहात ना?’ असं विचारत. मी होते. हॉलमधले दिवे कुणीतरी एकेक करून घालवले, शिपाई येऊन माझ्याकडे पाहून गेला. ती अजून पहिल्याच वर्षाचं सांगत होती तेव्हा बाहेर कुठंतरी पाचचे ठोके पडले. तिनंही ते ऐकले असावेत, कारण ती थांबली.

‘पुढं सांग,’ मी म्हटलं.